धातूवर नाव कसे घालतात?

हा लेख वाचायला घेण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि घरातले सर्वांत जुने भांडे घेऊन या. तांब्याचा हंडा असेल, पितळेचे पातेले असेल, निदान एखादा स्टीलचा डबा तरी असेलच. त्याच्या काठाखाली बोट फिरवा. बहुतेक तुमच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागेल. ते कोणाचे तरी नाव आहे. आजीचे असेल, नाहीतर लग्नात आहेर करणाऱ्या मामाचे. कधी कधी गावाचे नाव आणि तारीखही असते.

आता भिंग घेऊन ते नाव नीट पाहा. ते सलग रेघेने लिहिले आहे, की टिंबाटिंबांनी? टिंबे असतील तर ती एकमेकांपासून किती दूर आहेत? अक्षराच्या कडेला धातू थोडा वर उचलला गेला आहे काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते नाव केव्हा आणि कशाने घातले असावे, हे बरेचसे सांगता येते.

मला हा नाद लागला तो एका भांडणामुळे. माझी आत्या मुरबाड तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. आपल्याकडे लग्नकार्य निघाले की गावभरातून हंडे, घागरी, पातेली गोळा होतात आणि कार्य उरकल्यावर नावे वाचून ज्याची त्याला परत जातात. अशाच एका लग्नानंतर तांब्याचा एक हंडा उरला. दोन घरांनी तो आपलाच म्हणून सांगितले. हंड्यावर नाव होते, पण राख आणि काथ्याने चाळीस-पन्नास वर्षे घासून घासून ते पार पुसट झालेले. कोणी म्हणे पहिले अक्षर ‘स’ आहे, कोणी म्हणे ‘म’. शब्दाने शब्द वाढत गेला, आणि शेवटी आत्या मला म्हणाली, “अरे, तू कॉलेजात एवढे शिकवतोस, मग हे वाचून दाखव की!”

मी तो कसा वाचला ते सांगतोच. पण त्याआधी नाव मुळात धातूत उमटते कसे, ते पाहू.

आपला हा मुलूख कोरलेल्या अक्षरांच्या बाबतीत भाग्यवान आहे. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तेथून जुनी पायवाट नाणेघाट चढते आणि घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे त्यात आहेत, आणि भारतात अंकचिन्हे सापडणाऱ्या अगदी जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. त्यात शून्य मात्र नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा अभ्यास केला.

हा लेख काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेला आहे. छिन्नीचा घाव बसला की दगडाची कपची उडते. दगड ठिसूळ असतो. त्याला वाकणे ठाऊक नाही, तुटणेच ठाऊक. म्हणून दगडातले अक्षर म्हणजे तेथून निघून गेलेला दगड.

तांब्याचे तसे नसते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. राजाने गाव दान दिले की ती सनद तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायची, अशी त्या काळची रीत होती. पानावरची शाई पुसते आणि पानाला वाळवी लागते, तांब्याला दोन्हींचे भय नाही. आता तांब्यावर टोकदार छिन्नी ठेवून हलकेच हातोडी मारली तर काय होते? कपची उडत नाही. छिन्नीखालचा धातू बाजूला सरकतो आणि खड्ड्याच्या कडेला त्याचा लहानसा बांध तयार होतो. शेतात पाय रुतला की भोवती चिखल वर येतो ना, अगदी तसे. तुमच्या बोटाला जो खरखरीतपणा लागला तो या बांधाचा.

म्हणजे धातूवर नाव घालण्याच्या वाटा मुख्यतः तीन: धातू ढकलून बाजूला करायचा, कापून काढायचा, किंवा विरघळवायचा. हल्ली लेसरने धातू वितळवून आणि वाफ करूनही अक्षरे उठवतात, पण ती यंत्रे महाग आणि आपल्या तालुक्याच्या बाजारात अजून क्वचितच दिसतात.

बाजारात दिसते ते विजेवर गुणगुणणारे पेन. शहापूरच्या किंवा मुरबाडच्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात तुम्ही ते पाहिले असेल. दुकानदार डबा मांडीवर घेतो, ‘घ्रूंऽऽ’ असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत ‘सप्रेम भेट’ तयार होते. या यंत्रात असते काय? तारेचे एक वेटोळे, त्यासमोर स्प्रिंगवर बसवलेली लोखंडी पट्टी, आणि पट्टीला जोडलेले अत्यंत कठीण टोक. वेटोळ्यातून घरची प्रत्यावर्ती वीज जाते. ही वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. पण लोखंडाला चुंबकाचे उत्तर टोकही ओढते आणि दक्षिण टोकही ओढते! म्हणून एका आवर्तनात पट्टी दोनदा ओढली जाते, आणि टोक सेकंदाला १०० वेळा धातूवर आपटते. मिनिटाला ६००० घाव झाले. कोणत्या कारागिराचा हात इतका चालेल?

आता गणित करा. दुकानदाराचा हात सेकंदाला ५ मिलिमीटर सरकत असेल तर प्रत्येक मिलिमीटरमध्ये २० घाव पडतात. ते इतके जवळ असतात की डोळ्यांना सलग रेघ दिसते. घाईघाईने हात सेकंदाला ५ सेंटिमीटर सरकला तर मिलिमीटरमध्ये २च घाव पडतील, आणि भिंगाखाली टिंबे सुटी दिसतील. तेव्हा भांड्यावरची टिंबे मोजून दुकानदाराला किती घाई होती ते काढता येते! शिरोरेषेवर टिंबे बहुधा विरळ असतात आणि ‘क्ष’ किंवा ‘ण’च्या वळणावर दाट. असे का, ते तुम्हीच सांगा. आणि टिंबे विरळ, खोल, थोडी वेडीवाकडी असतील तर ते नाव हातोडी-छिन्नीने घातलेले आहे असे समजावे. आत्याच्या गावचा हंडा त्यांतलाच होता.

आता त्या हंड्याकडे वळू. मी गेलो तेव्हा सगळे जण तो अंगणात भर उन्हात धरून वाचत होते. डोक्यावरचे ऊन हा वाचण्यासाठी सर्वांत वाईट प्रकाश. का ते पाहा. घासून घासून अक्षराच्या खड्ड्याची खोली समजा ०.०५ मिलिमीटर उरली आहे. प्रकाश ४५ अंशांनी आला तर खड्ड्याच्या काठाची सावली खड्ड्यात पडणार तीही ०.०५ मिलिमीटरच. ती डोळ्यांना दिसणार कशी? पण प्रकाश अगदी आडवा, समजा ३ अंशांनी आणला, तर सावलीची लांबी खोलीच्या जवळजवळ १९ पट होते, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर. टिंबाची रुंदी साधारण तेवढीच असते. म्हणजे सारे टिंब काळे दिसू लागते. तीन अंश मोजायला कोनमापक नको. बॅटरी एक मीटर दूर ठेवा आणि पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटर उंच धरा, झाले.

आम्ही हंडा माजघरात नेला, दारे लावून घेतली आणि बॅटरी आडवी धरून हंडा थोडा थोडा फिरवत गेलो. तो गोल असल्याने एका वेळी एकदोन अक्षरेच उजळत. आत्याची नात पाटीवर उतरवून घेत होती. पहिले अक्षर ‘स’ही नव्हते आणि ‘म’ही नव्हते. ते ‘भा’ होते. नाव निघाले ‘भागीरथी’, आणि पुढे गावाचे नाव. त्या गावाचे नाव ऐकताच भांडणारी दोन्ही घरे गप्प झाली. ते गाव शहापूर तालुक्यातले. भातसा धरणाच्या पाण्याखाली गेलेले. गाव उठले तेव्हा माणसे जेथे सोय लागेल तेथे पांगली, कोणाचे सामान कोणाकडे राहिले. पुढे त्या भागीरथीबाईंची सून पुनर्वसनाच्या एका पाड्यावर आहे असा पत्ता लागला. हंडा तिच्याकडे पोहोचवला गेला. मी बरोबर होतो. बाईंनी नाव वाचले नाही, त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी काठाखाली अंगठा फिरवला आणि हंडा आत नेला.

आडव्या प्रकाशाची ही युक्ती माझी नव्हे, हे सांगायला हवे. शिलालेख वाचणारे अभ्यासक ती नेहमीच वापरतात, शिवाय लेखावर ओला कागद बसवून त्याचा ठसाही घेतात. तुम्हाला पातळ कागद आणि मऊ शिसपेन्सिल पुरेल. नाण्याचा ठसा आपण घेतो, तसा भांड्यावरच्या नावाचा घ्या.

पण खड्डा घासून पूर्णच नाहीसा झाला तर? आडव्या प्रकाशालाही काही सापडणार नाही. अशा वेळीही एक वाट असते, आणि ती मला या विषयातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते.

तांब्याची एक जाड तार घ्या. चुलीत लाल तापवून गार होऊ द्या. आता ती वाकवा, मेणासारखी वाकेल. त्याच जागी उलटी वाकवा. पुन्हा वाकवा. प्रत्येक खेपेला ती जास्त ताठर झालेली जाणवेल आणि शेवटी तुटेल. याचे कारण असे, की धातूत अणू ओळीने मांडलेले असतात. तार वाकवली की त्या ओळी एकमेकींवरून सरकतात, सरकताना जागोजागी विस्कटतात, आणि विस्कटलेल्या जागा एकमेकींना अडवू लागतात. धातू कठीण होतो. त्या जागी थोडी जास्त ऊर्जाही साठून राहते.

धातूवर ठसा ठोकला तरी हेच घडते. दिसतो तो खड्डा, पण खड्ड्याच्या खालीही अणूंच्या ओळी विस्कटलेल्या असतात. आता कोणी कानशीने वरचा थर घासून आकडा नाहीसा केला, तर डोळ्यांना गुळगुळीत पोलाद दिसते, पण खालचा विस्कटलेला भाग तेथेच असतो. त्यावर योग्य रसायन लावले की जास्त ऊर्जा साठवलेला विस्कटलेला धातू शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने विरघळतो आणि पुसलेला आकडा भुतासारखा हळूहळू वर येतो! चोरीच्या मोटारीचा, इंजिनाचा किंवा बंदुकीचा खोडलेला क्रमांक अशा रीतीने वाचता येतो. मुंबईला कालिना येथे शासनाची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तूंची शास्त्रीय तपासणी करणे हे तिचे काम.

बंदुकीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुमच्या-आमच्या हंड्यावर आपण हवे ते नाव हवे तेथे घालू शकतो, बंदुकीच्या बाबतीत ती मुभा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक हवा, आणि तो खोडणे, बदलणे किंवा खोटा घालणे हा गुन्हा आहे. शस्त्रावर अक्षरे घालण्याची हौस मात्र जुनी आहे. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलुख-मैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ओतली गेली. तिच्यावर निजामशहाचे नाव आहे आणि ती ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमी या कारागिराचेही. पुढे विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने आपला लेखही तिच्यावर कोरवून घेतला. तोफ एक आणि मालक बदलत गेले!

तुमची सायकल असेल तर ती उलटी करा आणि पायट्यांच्या आसाखालची नळी पाहा. तेथे एक क्रमांक ठोकलेला असतो. तो आजच वहीत लिहून ठेवा. सायकल चोरीला गेल्यावर तो शोधून उपयोग नाही.

आता राहिली तिसरी वाट, विरघळवण्याची. किन्हवलीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याने मागे मला विचारले होते, “सर, भातकापणीला आम्ही पंधरा-वीस जण एकमेकांच्या शेतात जातो. विळे सगळे एकाच लोहाराचे, एकसारखे. संध्याकाळी कोणाचा कोणता ते कळत नाही. मुठीवर नाव घातले तर मूठ बदलते. पात्यावर कमी खर्चात नाव घालता येईल काय?” पोलादाच्या पात्यावर छिन्नी चालत नाही, उलट पाते तडकायची भीती. म्हणून आम्ही विजेने नाव घातले. खर्च चार सेल आणि चिमूटभर मीठ.

कृती अशी. घरातले मोठे माणूस जवळ असू द्या आणि ओसरीवर, मोकळ्या हवेत बसा. विळ्याच्या धारेवर जाड फडके गुंडाळून बांधा. पात्यावर मुठीजवळची एक जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि साबणाने धुऊन कोरडी करा. पाते उन्हात तापवून त्या जागी मेणबत्तीचे मेण पातळ फासा. मेण थिजल्यावर दाभणाने त्यात नाव लिहा. अक्षरापुरते पोलाद उघडे पडले पाहिजे. अर्ध्या कपभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. बॅटरीचे चार सेल एकापुढे एक जोडले की ६ व्होल्ट मिळतात. त्यांच्या धन टोकाची तार विळ्याला जोडा. ऋण टोकाची तार एका खिळ्याला जोडा, खिळ्याभोवती कापूस गुंडाळा, तो मिठाच्या पाण्यात भिजवा आणि अक्षरांवर टेकवा. खिळा पात्याला थेट टेकू देऊ नका. दर दहा सेकंदांनी बोळा उचलून पुन्हा भिजवा. कापसातून बारीक बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. कापूस हिरवट-काळा होत जाईल, ते विळ्यातून निघालेले लोखंड.

विळा येथे धनाग्र आहे. तेथे लोखंडाचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. मेणाखालच्या लोखंडाला पाणी पोहोचत नाही, म्हणून ते जागीच राहते. तारा चुकून उलट्या जोडल्या तर? विळ्यावर नुसते बुडबुडे येतील, आणि झिजेल तो खिळा.

किती लोखंड निघाले, हे वजन न करताही सांगता येते. मायकेल फॅराडे याने १८३४ साली आपले नियम मांडले. त्यांच्याप्रमाणे ९६,५०० कूलोम विजेने सुमारे २७.९ ग्रॅम लोखंड विरघळते. आमच्या मापकावर प्रवाह साधारण ०.२ अँपिअर दिसत होता. पाच मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद. एकूण वीज ६० कूलोम, आणि लोखंड सुमारे १७ मिलिग्रॅम. लोखंडाची घनता ७.९ धरली तर हे झाले २.२ घन मिलिमीटर. अक्षरांच्या सगळ्या रेघा मिळून लांबी ५० मिलिमीटर आणि रुंदी १ मिलिमीटर धरा, खोली निघते ०.०४ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. ऐकायला थोडी वाटते, पण बोटाला सहज लागते.

दोन गोष्टी बजावून सांगतो. या प्रयोगाला घरातली मुख्य वीज मुळीच वापरायची नाही, फक्त सेल. आणि स्टेनलेस स्टीलवर हा प्रयोग करायचा नाही. त्यात क्रोमियम असते, आणि मिठाच्या पाण्यात वीज सोडल्यावर त्याची विषारी संयुगे तयार होऊ शकतात. जेवणाच्या भांड्यावर तर नकोच. त्यासाठी बाजारातले गुणगुणणारे पेन बरे.

नाव घालून झाले की मेण खरवडून काढा, पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि तेलाचे बोट फिरवा. अक्षरात मिठाचा अंश राहिला तर तेथूनच गंज धरतो. आमच्या त्या विद्यार्थ्याने पहिल्या वेळी तेल लावायचे आळसाने सोडले, आणि आठवड्याने त्याचे नाव पात्यावर तांबड्या अक्षरांत झळकू लागले. मग घासून काढावे लागले. अक्षर मात्र शाबूत राहिले, ‘ठ’च्या पोटातल्या एका डागाखेरीज.